तळ्यातला चिखल, बागेतली माती

माझी बायको चिखलावर संशोधन करायची. विद्यापीठात तिला तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे चिखलवाल्या बाई. मी शहर बसवर ड्रायव्हर होतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या विभागातल्या लोकांना प्रश्न पडला की या बाईंनी याच्यात पाहिलं काय, आणि आमच्या डेपोत प्रश्न पडला की हा घरी जाऊन बोलणार काय. बोलायची कधी अडचण आली नाही. ती माझ्या बसमध्ये एक लांब नळी घेऊन चढली होती, नळीतून गढूळ पाणी गळत होतं आणि कंडक्टर तिला उतरवायला निघाला होता. मी मागे वळून म्हणालो, "बसू दे रे, चिखल काय सीट अडवतोय का?" सुरुवात तिथून झाली.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं.

तिचं काम सांगायला सोपं आहे. शहराबाहेर मोठं तळं आहे. होडीतून जाऊन ती तळाच्या गाळात नळी खोल रोवायची आणि आतला चिखल जसाच्या तसा वर काढायची. तळाशी दरवर्षी एक थर बसतो. पावसाच्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. नळी उभी चिरली की ते थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. वरचा कालचा, खालचा आपल्या पणजोबांच्याही आधीचा. हा चिखल ओला आणि थंड ठेवावा लागतो. तो वाळला की तडकतो, बुरशी धरते, आणि मग त्याची कुंडीत घालायचीसुद्धा लायकी राहत नाही. म्हणून जुन्या इमारतीच्या तळघरात एक थंड खोली होती आणि तिथे तिच्या साऱ्या आयुष्याच्या नळ्या रचलेल्या होत्या. नळ्यांची टोकं ती माझ्या खाकी गणवेशाच्या जुन्या शर्टांच्या चिंध्यांनी बांधायची. नवा गणवेश मिळायच्या आधीच ती विचारायची, "अहो, हा फाटला ना?"

सगळ्यात लांब नळी तिने आजारी पडण्याआधी काढली. होडी मी धरली होती. ती नळी चिरायची राहून गेली. ते काम तिच्या शेवटच्या विद्यार्थिनीवर आलं. बारीक, चष्मेवाली, सदा पायात रबरी बूट. मला काका म्हणते. पदवी त्या एका नळीवर अडलेली, आणि खरं सांगायचं तर मीही त्या नळीवरच अडून बसलो होतो.

एका सकाळी विभागप्रमुख घरी आले. बायको त्यांना होयबा म्हणायची. कुलगुरू काही बोलायच्या आधीच या गृहस्थाची मान हलायला लागते. सोफ्याच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "आनंदाची बातमी आहे. नवं केंद्र तयार झालंय. संशोधनाच्या पायाभूत सुविधांसाठी सरकारनं भरघोस अनुदान दिलं. काचेची इमारत बघितलीच असेल तुम्ही. आणि केंद्राला मॅडमचं नाव द्यायचं कुलगुरूंच्या मनात आहे."

"ती असताना तिला टेबलफॅन मिळाला नाही," मी म्हणालो.

"त्या वेळी बजेटमध्ये त्यासाठी हेड नव्हतं हो."

"होतात की तुम्ही."

ते हसले. असल्या माणसांचं हे बरं असतं, यांना काहीही बोला, हसतात. मी चहा टाकला नाही. बायको असती तर तिनेही टाकला नसता, फक्त तिने कारण सांगितलं असतं.

"ते नावाचं राहू द्या," मी म्हणालो. "तळघरातल्या थंड खोलीचं यंत्र बंद पडलंय. पोरगी बर्फाच्या लाद्या आणून नळ्या सांभाळतेय. ओली पोती टाकतेय वर. मी स्वतः बर्फ वाहिलाय. ते दुरुस्त करून द्या."

होयबांनी चेहरा एकदम डॉक्टरसारखा केला. "दुरुस्ती म्हणजे आवर्ती खर्च. हे अनुदान अनावर्ती आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यातून नवीन घेता येतं. जुनं दुरुस्त करता येत नाही."

"वीजबिल?"

"आवर्ती."

"पोरीचा पगार?"

"तोही आवर्तीच. शिष्यवृत्तीचा प्रस्ताव वेगळा पाठवलाय."

मी आयुष्य डेपोत काढलं. तिथेही डोकेबाज साहेब होते. पण नवी बस घेऊ आणि डिझेल घालणार नाही, असं म्हणायची हिंमत त्यांच्यातल्या एकालाही झाली नव्हती.

"नवी थंड खोली आहे ना तुमच्या काचेच्या घरात? मग नळ्या तिथे हलवा."

"हलवणारच! खोली त्यासाठीच बांधली. फक्त उद्घाटन व्हायचंय. त्याआधी वापरली तर बरं दिसत नाही. मंत्र्यांची तारीख मिळाली की लगेच."

मी म्हणालो, "नळ्या आत गेल्या तर मी तुमच्या कार्यक्रमाला येतो. नाही तर नावही नको आणि मीही नको."

"शंभर टक्के!" असं म्हणून होयबा उठले. त्यांची मान दारापर्यंत हलत होती.

मंत्र्यांची तारीख काही मिळेना. मंत्री आजारी, मंत्री परदेशात, मंत्र्यांच्या पुतणीचं लग्न. इकडे बर्फ वितळत होता. पोरगी रोज तळघरात जायची, पोती भिजवायची, नळ्यांवर हात फिरवून बघायची. दोन आखूड नळ्या मी घरच्या फ्रिजमध्ये आडव्या ठेवल्या. भाजी बाहेर सडली तरी चालेल म्हटलं.

मेहुणा एकदा आला आणि त्याने फ्रिज उघडला. हा बायकोचा धाकटा भाऊ. बटाट्यांचा व्यापारी, गावाच्या टोकाला त्याचं मोठं शीतगृह आहे. बहिणीला तो भेटेल तेव्हा चिडवायचा, "काय ताई, चिखलाला आज भाव काय?" फ्रिजमध्ये बघून तो म्हणाला, "दाजी, ताई गेली आणि तुम्ही सुरू केलंत?"

"तुझ्या गोदामात ठेवतोस का?"

"बटाट्यांत चिखल? माझी गिऱ्हाइकं पळतील. विद्यापीठाला एवढं घबाड मिळालंय, त्यांना सांगा की."

अखेर एकदाची तारीख आली. दुपारचा कार्यक्रम होता. मी लवकर गेलो, नळ्या आत गेल्यात का ते आपल्या डोळ्यांनी बघायला.

इमारत चकाचक. दारावर मोठ्या अक्षरांत बायकोचं नाव, अक्षरांच्या आत दिवे. मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. दिव्यांत तिचं नाव मी कधी बघितलं नव्हतं. औषधाच्या दुकानासारखं वाटत होतं.

थंड खोलीचं जाड दार ओढलं. आत खरंच गार होतं. फडताळांवर नळ्या ओळीने मांडलेल्या. नव्याकोऱ्या, पारदर्शक, टोकांना निळी झाकणं, प्रत्येकीवर छापील चिठ्ठी. आत काळीभोर माती. खालच्या खणांत पाहुण्यांसाठी सरबताच्या बाटल्या, केकचे खोके, फुलांचे गुच्छ. खाकी चिंधी एकीलाही नव्हती.

पोरगी कोपऱ्यात उभी होती. डोळे लाल.

"या कुठल्या नळ्या?" मी विचारलं.

"बागेतली माती आहे काका. माळ्याकडून भरून घेतली काल."

"आणि आपल्या?"

"तळघरातच. सर म्हणाले, त्या मळकट दिसतात. मंत्र्यांसमोर चिंध्या नकोत. कार्यक्रम झाल्यावर बघू म्हणाले."

मी एका नळीजवळ गेलो. मातीत काहीतरी हललं. मी चष्मा पुसून परत बघितलं. गांडूळ होतं. काचेला चिकटून सावकाश वर निघालं होतं, बिचाऱ्याला थंडी वाजत असणार. त्या नळीवरच्या चिठ्ठीवर छापलं होतं, 'तलावतळ, अतिप्राचीन'.

आमच्या डेपोत साहेब पाहणीला यायचा तेव्हा आम्हीही गाड्या धुऊन उभ्या करायचो. पण निदान बसच उभी करायचो. पुठ्ठ्याची नाही.

"चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"तळघरात. ट्रॉली कुठं मिळेल?"

ट्रॉली नाश्तावाल्यांची मिळाली, पांढरी चादर घातलेली. चादर वर, नळ्या खाली. तळघरातून मागच्या दाराने नव्या इमारतीत, परत तळघरात, परत नव्या इमारतीत. दाराशी रखवालदार होता. त्याने हात आडवा केला. "काय आहे?"

"मंत्र्यांचं जेवण," मी म्हणालो.

"जा जा," म्हणून तो बाजूला झाला. संशोधन म्हटलं असतं तर पास मागितला असता.

लांब नळी आम्ही दोघांनी उचलली. मी एक टोक खांद्यावर घेतलं. चिंधी माझ्या गालाला लागत होती. त्या शर्टाचं बटण अजून तिला होतं.

एव्हाना कार्यक्रम सुरू झाला होता आणि भोंग्यावर सगळं ऐकू येत होतं. कुलगुरू बोलले. हे केंद्र म्हणे जागतिक दर्जाचं आहे, देशाची मान उंचावणार आहे. मग होयबा बोलले, मॅडम त्यांना मोठ्या बहिणीसारख्या होत्या. मी ट्रॉलीला एवढा जोराचा धक्का दिला की पोरगी म्हणाली, "काका, हळू."

मग निवेदिकेने माझं नाव पुकारलं. दोन शब्द बोलायला या म्हणाली. परत पुकारलं. मग कुणीतरी तिच्या कानात काही सांगितलं असणार, कारण आवाज एकदम जड करून ती म्हणाली, "भावना अनावर झाल्यामुळे ते व्यासपीठावर येऊ शकत नाहीत. त्यांच्या अश्रूंचा आपण आदर करूया." टाळ्या.

मी त्या वेळी घामाने निथळत जिन्याच्या वळणावर नळी अडकली होती ती सोडवत होतो. पोरगी हसायला लागली. मलाही हसू आलं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि ते या लोकांमुळे, याचा राग आला.

आम्ही तळघरातल्या सगळ्या नळ्या आत नेल्या, मागच्या भिंतीशी जमिनीवर ठेवल्या आणि त्यांच्यावर चादर टाकली. एवढ्यात दार उघडलं. मंत्री, कुलगुरू, होयबा, फोटोवाले. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. मंत्री गारव्यात येऊन खूश झाले. "वा! कूलर भारी आहे तुमचा."

"सर, हा तळ्याचा इतिहास," होयबा नव्या नळ्यांकडे हात करून म्हणाले.

"किती जुना?"

"सर, किमान पाचशे वर्षं."

मंत्री वाकले. गांडूळ तोवर नळीच्या मधोमध आलं होतं. मंत्र्यांनी बघितलं. कुलगुरूंनी बघितलं. होयबांनीही बघितलं.

"हे हलतंय," मंत्री म्हणाले.

"जैवविविधता, सर," होयबा म्हणाले.

"पाचशे वर्षं जिवंत?"

होयबांची मान आपोआप हलायला लागली होती. कुलगुरू चटकन म्हणाले, "सर, चहा तयार आहे." मंत्र्यांनी गांडुळासोबत फोटो काढून घेतला आणि निघाले. एकानेही विचारलं नाही की मागे चादरीखाली काय आहे.

माझं काम झालं असं मला वाटलं. ज्याचं त्याला लखलाभ. मातीबरोबर फोटो काढा, केक खा, आमच्या नळ्या गारव्यात आहेत ना, मग झालं. मी बाहेर पायरीवर टेकलो. पोरीने दोन सरबतं पळवून आणली होती.

मंत्र्यांच्या गाड्या गेल्या, मांडववाले खुर्च्या गोळा करू लागले. मग एक ट्रक इमारतीच्या मागून निघाला आणि निघता निघता सगळी घरघर थांबली. वर बघितलं तर बायकोच्या नावातले दिवे गेले होते.

पोरगी आत पळाली, परत आली. "काका, यंत्र बंद पडलं."

होयबा समोरच मांडववाल्याशी हुज्जत घालत होते. मी त्यांना गाठलं. "वीज कुठं गेली?"

"जनरेटर होता. भाड्याचा. कार्यक्रमापुरता."

"आणि खरी वीज?"

"कनेक्शन दुसऱ्या टप्प्यात आहे. इमारत आणि यंत्रं पहिल्या टप्प्यात. हे तुम्ही समजून घ्यायला हवं."

"समजलं," मी म्हणालो, आणि मेहुण्याला फोन लावला. जे झालं ते सांगितलं. गांडुळाचंही सांगितलं.

मग तो म्हणाला, "ताईच्या नावाची पाटी लावून आत बागेतली माती?"

"हो."

"येतो."

तो स्वतः टेम्पो चालवत आला, मागे बटाट्यांची रिकामी पोती अंथरून. आम्ही नळ्या चढवायला लागलो तसे होयबा धावत आले. "थांबा! थांबा! ही विद्यापीठाची मालमत्ता आहे. अशी नेता येणार नाही."

"कोण म्हणतं?" मेहुण्याने विचारलं. बाजारात भाव पाडताना असतो तसा त्याचा आवाज झाला होता.

"नियम म्हणतो."

पोरगी पुढे आली. आजवर मी तिला या माणसासमोर मान वर करून बोलताना बघितलं नव्हतं. "सर, या नळ्या तुम्ही मागच्या वर्षी निर्लेखित केल्यात ना? जुनं भंगारात काढल्याशिवाय नव्यासाठी अनुदान मिळत नाही, असं तुम्हीच बैठकीत सांगितलंत. जुनी थंड खोली आणि आतलं सगळं."

होयबांची मान या वेळी कुठल्याच बाजूला हलली नाही.

मी तिच्याकडे बघितलं. बायको तेव्हा जिवंत होती. दवाखान्यात होती. बाहेर तिच्या नावावर अनुदान मागत होते आणि आत तिचं काम भंगारात काढत होते. बरं झालं तिला कळलं नाही. की कळलं होतं, कुणास ठाऊक. मला काही बोलली नाही.

"म्हणजे कायद्यानं हा कचरा आहे," मी म्हणालो.

"तांत्रिकदृष्ट्या..." होयबा म्हणाले.

"मग बाजूला व्हा. कचरेवाल्याला अडवू नये."

मेहुण्याने टेम्पोचं फाळकं धाडकन लावलं. पुढे मी बसलो. स्टिअरिंग मीच घेतलं, कारण चिखल घेऊन वळणं कशी घ्यायची ते मेहुण्याला येत नाही. तो बटाट्यांसारखा चालवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शीतगृहात लांब नळी चिरली. तिघंही स्वेटर घालून. चहूकडे छतापर्यंत बटाट्यांची पोती आणि मध्ये फळीवर नळी. खाकी चिंधी मी सोडली. पोरीने दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक करवतीने कापलं, मग मासे पकडायची दोरी ताणून चिखलातून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. नव्या केंद्रात यासाठी यंत्र आहे म्हणे, खोक्यातून अजून काढलेलं नाही. नळीचे दोन अर्धे भाग वेगळे झाले. एका बाजूला, टोकाशी, चिखल थोडा सुकून तडकला होता. बर्फ कमी पडला होता तिथे. पोरीने तिथे बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "बाकीचा चांगला आहे काका. पुरेल."

मेहुणा कमरेवर हात ठेवून उभा होता. "एवढंच?"

तो वाकला. खिशातून चष्मा काढला. राखी, काळ्या, पिवळसर रेघा, काही केसाएवढ्या, काही बोटभर.

"आमच्या लहानपणी पूर आला होता," तो म्हणाला. "स्वयंपाकघर गेलं आमचं. आईचं शिवणयंत्र गेलं. तो यात असेल?"

पोरीने मोजत मोजत खाली येऊन एका जाड राखी पट्ट्याशी बोट थांबवलं. "हा असावा मामा. मॅडमनी बाकीच्या नळ्यांतही हाच शोधला होता. प्रत्येक नळीत आधी हाच शोधायच्या."

तो बघतच राहिला. "ताई कधी बोलली नाही," तो म्हणाला, आणि पोत्यांकडे तोंड करून उगीच एका पोत्याची गाठ तपासू लागला.

पोरगी रोज शीतगृहात जाते. मेहुण्याने तिला टेबल दिलंय आणि हमालांना ताकीद, की मॅडम काम करताना आरडाओरडा करायचा नाही. तिला ते मॅडम म्हणतात. गिऱ्हाईक एकही पळालं नाही.

परवा होयबांचा फोन आला. अनुदानाचा उपयोग झाला का ते बघायला सरकारी पथक येणार आहे. खऱ्या नळ्या थोड्या दिवसांसाठी परत मिळाल्या तर बरं होईल.

"वीज आली?" मी विचारलं.

"प्रस्ताव पाठवलाय."

"मग गांडूळ दाखवा. जगलं असेल तर."

त्या लांब नळीचं वरचं टोक मी बघून ठेवलंय. सगळ्यात वरचा थर ती धडधाकट असतानाचा आहे. त्यानंतरची वर्षं, तिच्या आजारपणाचं आणि हे रिकामं, नळीत नाहीत. ती तळ्यातच आहेत, अजून बसताहेत. पोरगी म्हणते, पाणी उतरलं की उन्हाळ्यात काढू. होडीवाल्याशी मी बोललोय, मेहुण्याचा टेम्पो सांगून ठेवलाय. एक शर्ट उरलाय माझा, तो फाडायचा आहे.